शिमोनाच्या घरचे जेवण: लूक 7:36–50 चा गटाभ्यास कसा घ्यावा

शिमोन नावाचा परूशी (धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस) येशूला जेवायला बोलावतो. तिथे पापी म्हणून ओळखली जाणारी एक स्त्री येते, आसवांनी येशूचे पाय भिजवते, केसांनी पुसते, त्यांना सुगंधी तेल लावते, आणि शिमोनाला ते खटकते. हा उतारा बहुतेकांना तोंडपाठ असतो आणि त्यामुळेच तो घ्यायला अवघड जातो. परूशी वाईट, स्त्री चांगली, येशू दयाळू, एवढे पहिल्या दोन मिनिटांत सगळे सांगून मोकळे होतात आणि उरलेला दीड तास उपदेशात जातो. खरे तर या पंधरा वचनांत येशू एक सरळ प्रश्न विचारतो: ही स्त्री तुला दिसते का? (वचन 44). गटातल्या प्रत्येकाला त्या प्रश्नासमोर शिमोनाच्या जागी बसवणे, हे अभ्यास घेणाऱ्याचे काम आहे. पुढची सगळी तयारी त्यासाठी आहे.

गट सहा ते बारा जणांचा असावा. वेळ नव्वद मिनिटे. बारापेक्षा जास्त माणसे असतील तर दोन गट करा, कारण या उताऱ्यात शांततेला जागा लागते आणि मोठ्या गटात शांतता टिकत नाही.

आधीची तयारी

अभ्यासाच्या तीन-चार दिवस आधी लूक 7:18 पासून 8:3 पर्यंत सलग वाचा. फक्त 36 ते 50 वाचून तयारी केली तर या जेवणाचा ताण कळत नाही. 7:34 मध्ये लोक येशूला खादाड, दारूबाज, जकातदारांचा आणि पाप्यांचा मित्र म्हणतात. त्यानंतर दोनच वचनांनी एक परूशी त्याला जेवायला बोलावतो आणि तिथे एक पापी म्हणून ओळखली जाणारी स्त्री येते. म्हणजे आरोप नुकताच झाला आहे आणि त्याचा पुरावा जणू जेवणाच्या जागीच येऊन उभा राहतो. 8:1–3 मध्ये येशूबरोबर फिरणाऱ्या आणि आपल्या पैशाने त्याची सेवा करणाऱ्या स्त्रियांची नावे येतात: मग्दालीया मरीया, खुजाची बायको योहान्ना, सुसान्ना. लूकने हा प्रसंग या दोन्हींच्या मध्ये ठेवला आहे.

मग उतारा एका कागदावर उतरवून काढा. ओळींमध्ये दुप्पट जागा ठेवा, वचनांचे क्रमांक राहू द्या, पण वरचे शीर्षक वगळा. छापील बायबलमधली शीर्षके मूळ मजकुराचा भाग नाहीत, आणि "पापी स्त्रीला क्षमा" असे शीर्षक डोळ्यांसमोर असले की उतारा केवळ तिच्याबद्दल आहे हे वाचायच्या आधीच ठरून जाते. शिमोन बाजूला पडतो. प्रत्येकाला एक प्रत आणि दोन रंगांच्या पेन्सिली द्या.

शक्य असेल तर दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे जवळ ठेवा. वचन 38, 42 आणि 47 तिथे शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात.

पहिली पंधरा मिनिटे: वाचन

पाच मिनिटे शांतता आणि छोटी प्रार्थना. नंतर उतारा दोनदा मोठ्याने वाचा. सावकाश वाचले तर एका वाचनाला साधारण तीन मिनिटे लागतात.

पहिले वाचन एकाच आवाजात. दुसऱ्या वेळी भूमिका वाटा: निवेदक, येशू, शिमोन, इतर पाहुणे. आणि एकाला "ती स्त्री" ही भूमिका द्या. वाचताना गटाच्या लक्षात येईल की तिला एकही वाक्य नाही. ती संपूर्ण उताऱ्यात एक शब्द बोलत नाही. हे तुम्ही सांगू नका; वाचन संपल्यावर त्या व्यक्तीलाच विचारा, "तुमच्या वाट्याला काय आलं?" रडण्याचा किंवा पाय पुसण्याचा अभिनय मात्र कोणालाही करायला लावू नका. त्याने प्रसंगाचे नाटक होते आणि लोक हसून ताण घालवतात.

नंतर पेन्सिली. एका रंगाने शिमोनाची क्रियापदे, दुसऱ्याने त्या स्त्रीची. वचन 38 एका रंगाने भरून जाते: उभी राहिली, रडत होती, पाय भिजवू लागली, केसांनी पुसू लागली, मुके घेत होती, सुगंधी तेल लावत होती. मूळ ग्रीकमध्ये पुसणे, मुके घेणे आणि तेल लावणे ही तिन्ही क्रियापदे चालू राहिलेली क्रिया दाखवतात. "मुके घेतले" असे एका दमात वाचले की ती गोष्ट उरकल्यासारखी वाटते. "घेत राहिली" हे मूळाच्या जवळ जाते. भिजवण्यासाठीचे क्रियापद पावसासाठी वापरतात तेच आहे. मत्तय 5:45 मध्ये देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो, तिथे ते येते. आणि मुके घेण्याचे क्रियापद लूक 15:20 मध्ये परत आलेल्या मुलाच्या गळ्यात पडणाऱ्या बापासाठी आले आहे.

ती मागे पायांशी कशी उभी राहिली?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्या भाषांतरांत "जेवायला बसला" असे असते. मांडी घालून किंवा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मागे उभे राहून त्याचे पाय भिजवता येत नाहीत. मूळ शब्दाचा अर्थ टेकून आडवा झाला असा आहे. त्या काळी विशेष जेवणाच्या वेळी पाहुणे डाव्या कोपरावर टेकून, डोके अन्नाकडे आणि पाय बाहेरच्या बाजूला, असे आडवे होत. वहाणा काढलेल्या असत.

चटईवर एकाला एक मिनिट तसे टेकायला सांगा. लगेच तीन गोष्टी दिसतात. पाय जेवणाऱ्यांच्या घोळक्याबाहेर आहेत, म्हणून ती कोणाला न ओलांडता तिथे पोहोचू शकते. येशूला ती दिसण्यासाठी वळावे लागते. आणि शिमोन समोरच्या बाजूला असेल तर त्याला ती येशूच्या आधी दिसते. वचन 39 मध्ये शिमोन "हे पाहून" मनात बोलतो. वचन 44 मध्ये येशू स्त्रीकडे वळतो आणि शिमोनाशी बोलतो. नजर तिच्याकडे, शब्द त्याच्याकडे. या एका ओळीवर गटाला थोडा वेळ थांबू द्या. ज्या स्त्रीला सगळे टाळत होते तिच्याकडे बघत तो यजमानाशी बोलतो आहे. शिमोनाला येशूच्या चेहऱ्याकडे बघायचे तर येशू कोणाकडे पाहतो आहे हेही पाहावे लागणार.

कर्जाचा दाखला: इथे घाई करू नका

वीस मिनिटे याला द्या. येशू शिमोनाला दाखला सांगतो: एका सावकाराचे दोन कर्जदार होते, एकाचे कर्ज पाचशे दीनार आणि दुसऱ्याचे पन्नास दीनार. त्याने दोघांनाही ते सोडून दिले; तर त्याच्यावर जास्त प्रीती कोण करील? मत्तय 20:2 मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दीनार ठरतो. शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) आणि सण सोडून वर्षाला सुमारे तीनशे कामाचे दिवस धरले तर पन्नास दीनार म्हणजे दोन महिन्यांची पूर्ण मजुरी आणि पाचशे म्हणजे वीस महिन्यांची, तीही पोटाला काही न खाता. तुमच्या भाषांतरात दीनारऐवजी दुसरे नाणे असेल तरी दहापटीचे प्रमाण तेच राहते. हा हिशोब गटाला स्वतः कागदावर करू द्या. आकडा अनुभवातून कळतो.

मग विचारा: "वचन 42 मध्ये दोघांत सारखं काय आहे?" उत्तर यायला वेळ लागतो. लोक पाचशे आणि पन्नासच्या फरकातच अडकतात. पण तिथे स्पष्ट आहे की फेडायला दोघांकडेही काही नव्हते. कर्ज कमी असणे आणि कर्ज फेडता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिमोनाला पन्नासवाला म्हणा हवे तर, पण तोही दिवाळखोरच आहे.

"सोडून दिले" या क्रियापदाचे मूळ कृपा या शब्दाशी जोडलेले आहे: उदारपणे बहाल केले. हेच क्रियापद लूकने याच अध्यायात आधी वापरले आहे, वचन 21 मध्ये, जिथे येशूने पुष्कळ आंधळ्यांना दृष्टी बहाल केली. तिथली दृष्टी आणि वचन 44 मधले "दिसते का", यांतही मूळ क्रियापद एकच आहे. ज्याने आंधळ्यांना पाहणे दिले तो आता डोळस यजमानाला विचारतो आहे, तुला दिसते का. हे नाते गटासमोर नक्की ठेवा. शेजारच्या वचनांत दडलेले असल्याने ते सहसा निसटते.

कर्ज आणि पाप यांची सांगड येशूच्या श्रोत्यांना नवी नव्हती. ते बोलत त्या अरामी भाषेत दोन्हींसाठी एकच शब्द चालत असे. लूक 11:4 मधल्या प्रार्थनेत पापांची क्षमा आणि आपल्या ऋणकऱ्यांना केलेली क्षमा एकाच वाक्यात येते ती त्यामुळेच.

पाणी, मुका, तेल

वचन 44 ते 46 साठी फळ्यावर दोन रकाने आखा आणि गटाकडून भरून घ्या. पाण्यासमोर आसवे आणि केस. मुक्यासमोर न थांबलेले पायांचे मुके. डोक्याच्या तेलासमोर पायांचे सुगंधी तेल. शेवटच्या जोडीत भाषांतर तपासा: डोक्यासाठीचे तेल म्हणजे घरात असणारे साधे जैतुनाचे तेल, आणि तिने आणलेले ते महागडे सुगंधी तेल. दोन्ही ठिकाणी नुसते "तेल" छापले असेल तर हा फरक गळून जातो. तिची कुपी अलाबास्त्र दगडाची होती. सुगंधी तेले अशा कुपीत सर्वांत चांगली टिकतात असे रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवले आहे. जपून ठेवायच्या वस्तूचे ते भांडे होते.

इथे एक चूक वारंवार होते. "पाय धुवायला पाणी न देणे हा त्या काळी घोर अपमान होता" असे ठामपणे सांगितले जाते. मजकूर एवढे म्हणत नाही. पाय धुवायला पाणी देण्याची चाल जुन्या करारात पुष्कळ ठिकाणी दिसते: अब्राहाम उत्पत्ती 18:4 मध्ये तीन पाहुण्यांना, लोट 19:2 मध्ये, योसेफाचा कारभारी 43:24 मध्ये. डोक्याला तेल स्तोत्र 23:5 मध्ये. पण शिमोनाने नियम मोडला असे येशू म्हणत नाही. तो फक्त तिने केलेले आणि याने न केलेले शेजारी ठेवतो. शिमोनाने जेवायला बोलावले, जागा दिली, "गुरुजी" म्हणून संबोधले. वागणूक रीतीला धरून असेल. कमी पडली ती ऊब, आणि कमी का पडली याचे कारण दाखल्यात आहे. हे असे मांडले तर गटातला नीटनेटका, शिस्तीचा माणूस स्वतःला शिमोनात पाहू शकतो. त्याला असभ्य, दुष्ट करून टाकले की सगळे सुटतात.

वचन 45 मध्ये येशू "मी आत आल्यापासून" म्हणतो. म्हणजे ती उशिरा घुसली नव्हती; बहुधा ते थंड स्वागत तिच्या डोळ्यांदेखत झाले होते. राहून गेलेले तिने आपल्याकडे जे होते त्याने पुरे केले, अशी कल्पना इथे करता येते. कल्पना म्हणूनच सांगा, पण सांगा, कारण पाहुणचाराची भक्ती या वाचनात फार जवळून दिसते.

नंतर गटाला विचारा की या तीन गोष्टी पाहुण्यासाठी करतात तरी काय. पाणी थकवा घालवते, मुका आपलेपणा देतो, तेल मान देते. प्रत्येकाने स्वतःच्या दाराशी आलेल्या शेवटच्या माणसाला या तिन्हींपैकी काय मिळाले ते कागदावर लिहावे. वाचून दाखवायचे नाही. चार मिनिटे पुरतात.

वचन 47: जिथे अभ्यास घसरतो

"तिच्या पुष्कळ पापांची क्षमा झाली आहे, कारण तिने फार प्रीती केली." मराठी कानाला हे असे ऐकू येते की तिने प्रीती केली, मोबदल्यात क्षमा मिळाली. मग गट लगेच "आपणही जास्त प्रेम केले पाहिजे" यावर येतो आणि दाखल्याचा अर्थ उलटा होतो.

सुटका एका रोजच्या वाक्याने होते. "रात्री पाऊस पडला, कारण रस्ता ओला आहे." रस्ता ओला असल्यामुळे पाऊस पडला नाही, ओल्या रस्त्यावरून पाऊस पडल्याचे कळले. तिची प्रीती ही क्षमेची खूण आहे. असे का वाचायचे, याचे आधार उताऱ्यातच आहेत आणि ते गटाला शोधू द्या: दाखल्यात आधी कर्ज सुटते, मग प्रीती येते (42), त्याच वचनाचा दुसरा भाग म्हणतो ज्याला थोडी क्षमा होते तो थोडी प्रीती करतो, "क्षमा झाली आहे" हे मूळात आधीच पूर्ण झालेल्या आणि टिकून असलेल्या गोष्टीचे रूप आहे, आणि शेवटी येशू तिच्या प्रीतीला नाही, विश्वासाला तारणारा म्हणतो (50). मंडळीच्या इतिहासात काहींनी पश्चात्तापयुक्त प्रीतीला क्षमेचे कारण मानूनही हे वचन वाचले आहे. गटात त्या परंपरेतले कोणी असतील तर वाद वाढवू नका. दोन्ही वाचने फळ्यावर ठेवा आणि दाखल्याचा क्रम पुन्हा वाचा.

यातून आणखी एक शंका निघते आणि ती प्रामाणिक असते: "मग जास्त प्रीती यावी म्हणून जास्त पाप करावं का?" तिला हसून टाळू नका. पन्नासवाल्याला आणखी साडेचारशेचे कर्ज काढायची गरज नाही. पन्नासही आपल्याने फिटत नव्हते एवढे त्याला कळले तरी पुरे.

आणखी काय बिघडते

ती मग्दालीया मरीया होती, असे कोणीतरी म्हणतेच. लूक तिचे नाव देत नाही, आणि मग्दालीया मरीयेची ओळख तो पुढच्या अध्यायात नव्याने करून देतो. दोघींना एक मानण्याची पश्चिमेकडची समजूत पोप ग्रेगरी पहिले यांच्या 591 च्या सुमाराच्या प्रवचनाने घट्ट झाली. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी त्या वेगळ्याच मानल्या, आणि रोमन कॅथलिक दिनदर्शिकेच्या 1969 च्या सुधारणेनंतर मरीयेच्या सणातून हा उतारा वेगळा झाला. तिचे पाप कोणते हेही लूक सांगत नाही. ती वेश्या होती हे आपण घातलेले आहे. गट त्यावर अंदाज बांधू लागला की नरमाईने सांगा, "शिमोनही हेच करत होता."

यरुशलेमजवळच्या बेथानी गावातला प्रसंग मिसळणे ही दुसरी अडचण. मत्तय 26, मार्क 14 आणि योहान 12 मध्ये अभिषेक वधस्तंभाच्या काही दिवस आधीचा, बेथानीतला आहे. आक्षेप तेलाच्या किमतीवर आहे, योहानात तीनशे दीनार. मत्तय आणि मार्कमध्ये यजमान शिमोनच आहे, पण कुष्ठरोगी शिमोन, म्हणून घोटाळा होतो. लूकमधला आक्षेप पैशाचा नाहीच, तो स्पर्शाचा आहे. तीनशे दीनार या अभ्यासात आणले की पाचशे-पन्नासचा हिशोब बिघडतो.

पाय धुण्याचा विधी शेवटी जोडण्याचा मोह टाळा. तो योहान 13 चा आहे, तिथे येशू धुतो. इथे मिसळला तर दोन्ही उतारे पातळ होतात.

परूश्यांबद्दल बोलताना यहूदी लोकांवर घसरू देऊ नका. येशू स्वतः यहूदी होता, तो परूश्यांच्या घरी पुन्हा जेवायला जातो (11:37, 14:1), आणि 13:31 मध्ये काही परूशीच त्याला गालीलचा शासक हेरोद याच्यापासून सावध करतात.

आणि कोणी रडू लागले तर तिला किंवा त्याला रडू द्या. भोवती गोळा होऊ नका, काय झाले विचारू नका, पाठीवर हात ठेवून प्रार्थना सुरू करू नका. कोणी सर्वांसमोर आपले पाप सांगू लागले तर हळूच थांबवा आणि अभ्यासानंतर एकट्याने बोलायची वेळ द्या. या उताऱ्यात येशू तिच्याकडून एकही तपशील वदवून घेत नाही. तुम्हीही घेऊ नये.

शेवटची दहा मिनिटे

वचन 48 ते 50 पुन्हा वाचा. तिच्याशी येशू पहिल्यांदा बोलतो ते इथेच. "शांतीने जा" हे शब्द लूक 8:48 मध्ये रक्तस्रावाने पीडित स्त्रीलाही मिळतात. पाहुण्यांचा प्रश्न, "हा कोण, जो पापांचीही क्षमा करतो?", याला उत्तर मिळत नाही. शिमोन उठून तिला काही बोलला का, त्याने पाणी मागवले का, हेही लूक सांगत नाही. हा शेवट उघडाच राहू द्या. समारोपाचे भाषण नको. तीन मिनिटे शांतता, मग एकाने वचन 44 मधला प्रश्न एकदा वाचावा आणि उठावे.

घरी एकट्याने मनन करायचे असेल तर वीस मिनिटे पुरतात: एकदा शिमोनाच्या जागेवरून वाचा, एकदा पायांशी उभे राहून, आणि प्रत्येक वाचनानंतर एकच वाक्य येशूला उद्देशून लिहा. दुसऱ्या दिवशी ती दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा.

वेळ कमी पडला तर आसनाचे प्रात्यक्षिक आणि बेथानीची चर्चा गाळा. वचन 42 आणि 44 मात्र गाळू नका. नव्वदऐवजी चाळीसच मिनिटे हातात असतील तर वाचन एकदाच करा, कर्जाचा हिशोब पूर्ण करा, दोन रकाने भरा आणि वचन 47 पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. ते घाईत घेण्यापेक्षा न घेतलेले बरे.